हिवाळ्यात दक्षिण जर्मनीत गाड्यांची संग्रहालयं पाहत फिरायचंय? आखणी नकाशापासून नको, कॅलेंडरपासून करा

दर हिवाळ्यात ओळखीतलं कुणी ना कुणी मला आपली आखणी दाखवतं, आणि त्यात चुकाही दर वेळी त्याच असतात. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर म्युनिकला उतरून तिथेच गाडी ताब्यात घ्यायची. दिवसाला तीनशे-चारशे किलोमीटर धरायचे. सकाळी संग्रहालय बघायचं आणि संध्याकाळी पुढच्या गावाला निघायचं. आणि स्टुटगार्ट नेमकं सोमवारी. उन्हाळ्यात यातलं बरंचसं निभावून जातं. डिसेंबर-जानेवारीत मात्र साडेचारला अंधार पडतो आणि ओला रस्ता गोठायला लागतो, आणि ही मंडळी नेमकी तेव्हा गाडीत बसलेली असतात.

माझं सगळं सांगणं एका सूत्रावर उभं आहे: उजेड गाडी चालवायला, अंधार संग्रहालयाला. संग्रहालयात बाहेरच्या उजेडाने काही फरक पडत नाही, रस्त्यावर पडतो. म्हणून सकाळी साडेनऊ-दहाला निघायचं, एकच्या आत पोहोचायचं, दुपार संग्रहालयात घालवायची आणि मुक्काम तिथून चालत किंवा लोकलने जाता येईल इतका जवळ ठेवायचा. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम बदललात तर बहुधा एक तरी बुकिंग रद्द करावं लागेल.

## टप्पा १: आधी वार ठरवा, मग गावं

कागदावर सात-आठ दिवसांचे रकाने आखा आणि प्रत्येक रकान्यावर फक्त वार लिहा. ठिकाणं नंतर. मग थांब्यांचे तीन गट पाडा.

वाराला बांधलेले थांबे. स्टुटगार्टची मर्सिडीज-बेंझ आणि पोर्शे ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. म्युनिकचं बीएमडब्ल्यू संग्रहालयही सोमवारी बंद. त्याच्या समोरचं बीएमडब्ल्यू वेल्ट, म्हणजे कंपनीचं नव्या गाड्यांचं दालन, वेगळं. तिथे प्रवेश मोफत आहे. मॅनहाइमजवळच्या लाडेनबुर्गमध्ये कार्ल बेंझच्या जुन्या कारखान्यात एक छोटं संग्रहालय आहे. ते आठवड्यातल्या मोजक्याच दुपारी उघडतं, म्हणून ते आधी रकान्यात बसवा आणि बाकीचं त्याच्याभोवती फिरवा.

कामाच्या दिवसांचे थांबे. कारखान्याची फेरी हा संग्रहालयापासून वेगळा कार्यक्रम आहे. त्याचं बुकिंग वेगळं, बऱ्याचदा कित्येक आठवडे आधी करावं लागतं. फेऱ्या प्रामुख्याने कामाच्या दिवशी असतात, आणि नाताळ ते नववर्ष या काळात कारखान्यांना सुट्टी असते. मुलं बरोबर असतील तर वयाची अट आधी वाचा. फाटकावर विनवण्या करून उपयोग होत नाही.

कधीही चालणारे थांबे. झिन्सहाइम आणि स्पायर इथली दोन तंत्रज्ञान संग्रहालयं वर्षाचे ३६५ दिवस उघडी असतात. झिन्सहाइमच्या छतावर काँकॉर्ड आणि तुपोलेव्ह-१४४ ही दोन्ही स्वनातीत विमानं बसवलेली आहेत, ती ए६ महामार्गावरूनच दिसतात. स्टुटगार्टजवळ बोब्लिंगेनच्या जुन्या विमानतळावर मोटरवर्ल्ड आहे. तिथे काचेच्या कपाटांत लोकांनी ठेवलेल्या जुन्या गाड्या रोज आणि फुकट बघता येतात.

लोक हा तिसरा गट सर्वात आधी ठरवून टाकतात, कारण तो सोपा असतो. तो सर्वात शेवटी ठेवा. हिमवृष्टीने एखादा दिवस गेला तर हेच थांबे पुढे-मागे सरकवता येतात, पहिल्या गटातले सरकत नाहीत.

> सावधान: २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी या तारखांना बरीच संग्रहालयं बंद असतात. ६ जानेवारीला बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन्ही राज्यांत सार्वजनिक सुट्टी असते, दुकानं बंद. प्रत्येक ठिकाणाची वेळ त्याच्या अधिकृत पानावर, तुमच्या नेमक्या तारखेसाठी पाहा. नकाशाच्या ॲपमधल्या वेळेवर सुट्टीच्या काळात भरवसा ठेवू नका.

## टप्पा २: उजेड मोजा आणि किलोमीटर कमी करा

डिसेंबरच्या शेवटी या भागात सकाळी आठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम सव्वाआठ तास. त्यातला सकाळचा पहिला तास सोडून द्या, कारण रात्री गोठलेले रस्ते तेव्हा तसेच असतात. दुपारी साडेतीननंतर पुन्हा तापमान उतरायला लागतं. हातात उरतात पाच-सहा तास. त्यात एक थांबा, इंधन आणि रस्त्यावरची कामं धरली तर दिवसाला २०० किलोमीटर हा वरचा आकडा समजा. जर्मनीत वेगमर्यादा नसलेले रस्ते आहेत म्हणून अंतर झटक्यात कापू, हा हिशेब हिवाळ्यात चालत नाही. महामार्गावर शिफारस केलेला वेग १३० आहे, आणि बर्फ पडत असताना सगळी वाहतूक ६०-७० वर येते.

मी हल्ली सगळ्यांना सुचवतो तो आराखडा असा:

- शुक्रवार: म्युनिक. गाडी अजून घ्यायची नाही.
- शनिवार: म्युनिक ते इंगोलस्टाट, ८० किलोमीटर. ऑडीचं संग्रहालय. मुक्काम तिथेच.
- रविवार: इंगोलस्टाट ते स्टुटगार्ट, २०० किलोमीटरच्या आसपास. दुपारी मर्सिडीज-बेंझ.
- सोमवार: बोब्लिंगेन, वीसेक किलोमीटर. हाच राखीव दिवस.
- मंगळवार: पोर्शे. गाडी मुक्कामी उभी.
- बुधवार: स्टुटगार्ट ते लाडेनबुर्ग, सव्वाशे किलोमीटर. दुपारचं संग्रहालय.
- गुरुवार: लाडेनबुर्ग ते झिन्सहाइम, ४५ किलोमीटर. पूर्ण दिवस.
- शुक्रवार: फ्रँकफर्ट विमानतळ, १०० किलोमीटरच्या आसपास.

एकूण सहाशेच्या घरात. हा आकडा पाहून लोकांना वाटतं की इतक्या दिवसांत एवढंच? पण मर्सिडीजच्या संग्रहालयाला चार तास लागतात आणि झिन्सहाइमला तर दिवस पुरत नाही. गाड्या बघायला आलो आहोत, तर गाड्यांना वेळ द्यायला हवा.

सर्वात लांबचा पल्ला रविवारी ठेवण्यामागे कारण आहे. जर्मनीत रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रात्री १२ ते रात्री १० या वेळात साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते, नाशवंत मालासारखे अपवाद सोडून. ओल्या रस्त्यावर ट्रकच्या चाकांतून उडणारा मिठाचा चिखल काचेवर येत नाही, याचं मोल गाडी चालवणाऱ्याला पहिल्या तासातच कळतं. फक्त रविवारी संध्याकाळी आल्प्सहून परतणाऱ्यांची गर्दी होते. तुम्ही एकला पोहोचलात तर ती तुम्हाला लागत नाही.

> तपासून घ्या: प्रत्येक रकान्यात निघायची वेळ, पोहोचायची वेळ आणि त्या दिवशीचा सूर्यास्त लिहिला का? पोहोचण्याची वेळ आणि सूर्यास्त यांत दोन तासांपेक्षा कमी फरक असेल, तर त्या दिवसातला एक थांबा काढा.

## टप्पा ३: गाडीचं बुकिंग, म्हणजे टायरचं बुकिंग

सर्वात महाग पडणारी चूक इथे होते. जर्मनीत अमुक तारखेपासून हिवाळी टायर लावा असा नियम नाही. नियम परिस्थितीवर आहे: रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेला ओलावा असेल तेव्हा गाडीला हिवाळी टायर असलेच पाहिजेत. नसतील तर ६० युरो दंड आणि परवान्याच्या नोंदीवर एक गुण, वाहतूक अडवली तर दंड आणखी जास्त. तिथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा ढोबळ काळ धरतात.

आणि हिवाळी टायर कशाला म्हणायचं तेही बदललं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण हे चिन्ह असलेलाच टायर हिवाळी म्हणून धरला जातो. नुसतं ‘एम + एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेला जुना टायर आता पुरत नाही. बारमाही टायरवर डोंगराचं चिन्ह असेल तर तो चालतो.

बुकिंग करताना हे प्रश्न लेखी विचारा:

1. माझ्या तारखांना गाडीला हिवाळी टायर असतील का, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? जर्मन शब्द ‘विंटररायफेन’. काही ठिकाणी हा खर्च भाड्यात धरलेला असतो, काही ठिकाणी काउंटरवर रोजच्या हिशेबाने लागतो.
2. गिअर ऑटोमॅटिक आहे का? आपण स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीत, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणार आहोत. बर्फात उजव्या हाताने गिअर शोधत बसायची ती वेळ नव्हे.
3. विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग येतो का? नेहमीच्या पॅकेजमधून नेमकं हेच बऱ्याचदा वगळलेलं असतं, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेली खडी नेमकी काचेलाच लागते.
4. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचं शुल्क किती?

विजेवर चालणारी गाडी घ्यायची असेल तर एका चार्जमध्ये मिळणारं अंतर थंडीत बरंच कमी होतं हे धरा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी रात्री चार्जिंग मिळणार असेल तरच घ्या. गार बॅटरी जलद चार्जरवरही हळू भरते.

भारतातला परवाना असलेल्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तो मूळ परवान्याबरोबरच चालतो, म्हणून मूळ परवाना घरी ठेवून येऊ नका.

> सावधान: ‘गाडी तर मोठी एसयूव्ही आहे, चारही चाकांना जोर आहे, टायरचं काय एवढं?’ हे मी फार वेळा ऐकलं आहे. चारही चाकांचा जोर गाडी पुढे न्यायला उपयोगी पडतो. थांबवणं आणि वळवणं हे काम टायरचंच आहे. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड सुटते. त्यासाठी बर्फ पडायचीही गरज नसते.

## टप्पा ४: तिकिटं आणि मुक्काम, या क्रमाने

आधी कारखान्याची फेरी, मग वाराला बांधलेली संग्रहालयं, मग मुक्काम. उलटं केलं की लोक स्वस्त मुक्काम शहराबाहेर वीस किलोमीटरवर घेतात आणि रोज रात्री अंधारात गाडी चालवतात.

मुक्काम निवडताना दोनच गोष्टींवर अडून बसा. पहिली, इमारतीखाली बंदिस्त पार्किंग. सकाळी काच खरवडण्याची वीस मिनिटं वाचतात, दरवाजे गोठत नाहीत आणि बॅटरी रात्रभर गारठत नाही. दुसरी, लोकलचं स्टेशन चालत गाठता येईल इतकं जवळ. मर्सिडीज संग्रहालयासाठी एस१ लोकलचं नेकारपार्क, पोर्शेसाठी एस६ चं नॉयविर्ट्सहाउस, म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यूसाठी यू३ मेट्रोचं ओलिम्पियात्सेंट्रुम. पोर्शेचं स्टेशन तर संग्रहालयाच्या दाराशीच आहे.

बोब्लिंगेनच्या मोटरवर्ल्डमध्ये गाड्यांच्या विषयावर सजवलेल्या खोल्यांचं हॉटेल आहे. तिथे एक रात्र काढायची असेल तर सोमवारची काढा. बाकीचं सगळं बंद असताना खाली उतरून निवांतपणे काचेची कपाटं बघत फिरता येतं. उजेडात वेळ उरला तर जवळच सोलिट्यूडची जुनी शर्यतीची वाट आहे. १९६५ पर्यंत तिथे शर्यती होत. आता तो जंगलातला साधा सार्वजनिक रस्ता आहे. सावलीमुळे तिथलं दव दुपारपर्यंत गोठलेलं राहतं, म्हणून हळू.

नुर्बुर्गरिंग या प्रसिद्ध शर्यतीच्या ट्रॅकबद्दल सगळेच विचारतात, म्हणून सांगतो. नॉर्डश्लायफे या तिथल्या लांब जुन्या ट्रॅकवर सामान्य लोकांसाठीच्या फेऱ्या हिवाळ्यात थांबतात, वसंतात पुन्हा सुरू होतात. आणि साध्या भाड्याच्या गाडीचा करार तिथे जायला मनाई करतो. हिवाळ्याच्या आखणीतून ते नाव काढून टाका.

## टप्पा ५: गाडी ताब्यात घेताना वीस मिनिटं

गाडी विमानतळावर उतरल्या उतरल्या घेऊ नका. शहरात रेल्वेने जा, एक रात्र झोपा, बीएमडब्ल्यू मेट्रोने बघा. वेळ असेल तर यू५ ने जाऊन थेरेझिएनह्योहेवरचं डॉइचेस म्युझियमचं वाहतूक केंद्रही उरका. शनिवारी सकाळी, पूर्ण उजेडात, गाडी घ्या. ताब्यात घेताना हा क्रम ठेवा:

1. वाकून चारही टायर बघा. डोंगर-हिमकणाचं चिन्ह प्रत्येकावर हवं. खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी आहे, पण बर्फात ४ मिमीच्या खाली पकड ढासळते. दोन युरोच्या नाण्याची चंदेरी कडा साधारण ४ मिमी रुंद असते. नाणं खाचेत उभं घाला, ती कडा पूर्ण बुडाली तर ठीक. नाही बुडाली तर दुसरी गाडी मागा.
2. डॅशबोर्डवर वेगाचं स्टिकर आहे का? हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल तर तसं स्टिकर चालकाला दिसेल असं लावतात. १६०, १९० किंवा २१० असा आकडा असतो. मोकळ्या महामार्गावरही तो ओलांडायचा नाही.
3. मिठाचा थर पुसून मगच ओरखड्यांचे फोटो. हिवाळ्यात गाडी बाहेरून करडी असते. ओल्या फडक्याने दारं, बंपर आणि चाकांच्या कडा पुसा. नाहीतर जुना ओरखडा धुतल्यावर दिसतो आणि तुमच्या नावावर जातो.
4. डिकी उघडा. धोक्याचा त्रिकोण, चमकणारं जॅकेट आणि प्रथमोपचार पेटी कायद्याने असायलाच हवी. जॅकेट नंतर डिकीत ठेवू नका, हाताला येईल असं आत ठेवा.
5. काचेवर हिरवं पर्यावरण स्टिकर आहे ना ते बघा. म्युनिक आणि स्टुटगार्टच्या आत जायला ते लागतं.
6. दिव्यांचं बटण शोधा. दिवसाचे आपोआप लागणारे दिवे बऱ्याच गाड्यांत फक्त पुढे असतात, मागे अंधार. बर्फ पडत असताना किंवा धुक्यात मुख्य दिवे हाताने लावावे लागतात.
7. वॉशरचं पाणी. यावर खाली वेगळं लिहितो.

या भागातल्या माझ्या पहिल्या हिवाळी प्रवासात मी वॉशरची टाकी बघितली नव्हती. ए८ वर आउग्सबुर्ग मागे पडलं, सूर्य समोर अगदी खाली होता, आणि पुढच्या गाड्यांनी उडवलेल्या मिठाने काच दुधासारखी पांढरी झाली. वॉशर दाबला, काही आलं नाही: आतलं साधं पाणी गोठलेलं होतं. वायपरने मीठ फक्त पसरलं. पुढच्या विश्रांतीस्थळापर्यंतचे ते काही किलोमीटर मी बाजूच्या काचेतून रस्त्याची कड बघत काढले, आणि मागे मुलं होती. तेव्हापासून माझ्या सहलीतली पहिली खरेदी ठरलेली आहे: उणे २० अंशांपर्यंत न गोठणारं वॉशरचं द्रव, पाच लिटरचा कॅन. आणि घातल्यावर दोन-तीनदा वॉशर दाबून ते नळीत आलेलं बघायचं, कारण नळीतलं जुनं पाणी तसंच राहतं आणि तेच गोठतं.

त्याच पेट्रोल पंपावर काच खरवडायचं स्क्रेपर, हात-झाडू आणि हातमोजे घ्या. गाडीत एक ब्लँकेट, टॉर्च, पाणी, थोडं खायचं आणि फोनचा चार्जर असू द्या. अपघातामुळे महामार्ग दोन तास बंद राहणं हिवाळ्यात नवल नाही.

## टप्पा ६: रोज सकाळचा क्रम

निघण्याआधी हवामान आणि महामार्गाची स्थिती पाहा. हवामानाच्या अंदाजात दोन जर्मन शब्द शोधा: ‘ग्लाटआइस’ म्हणजे पाऊस पडता पडता गोठून काचेसारखा होणारा रस्ता, आणि ‘श्नेफाल’ म्हणजे हिमवृष्टी. श्नेफाल असेल तर उशिरा आणि हळू निघता येतं. ग्लाटआइसचा इशारा असेल तर निघूच नका. त्यावर कुठलाही टायर धरत नाही.

गाडी बाहेर उभी असेल तर:

- आधी छत झाडा, मग काचा, मग दिवे आणि नंबरप्लेट. छतावरचा बर्फ तसाच ठेवला तर पहिल्या ब्रेकला तो तुमच्याच काचेवर येतो, किंवा महामार्गावर मागच्याच्या.
- सगळ्या काचा पूर्ण साफ. समोर फक्त हाताएवढं भोक करून निघणाऱ्यांना दंड होतो.
- इंजिन चालू ठेवून काच खरवडायची नाही. जर्मनीत उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालवायला मनाई आहे.
- गरम पाणी काचेवर कधीच ओतायचं नाही, काच तडकते.
- आतून धुकं धरलं तर हीटरबरोबर एसीही चालू करा. एसी हवेतला ओलावा काढतो आणि काच लवकर निवळते.

बुटांच्या तळव्याचा बर्फ झटकून मगच आत बसा. ओला तळवा ब्रेकवरून घसरतो. आणि जाड जाकीट काढून पट्टा लावा, नाहीतर पट्टा अंगापासून सुटा राहतो.

> तपासून घ्या: टाकी अर्ध्याच्या वर आहे का? हिवाळ्यात अर्धी टाकी म्हणजे रिकामी समजा. अडकून पडलात तर हीटर इंधनावरच चालतो. महामार्गावरचे पंप महाग असतात. बाहेर पडून ‘आउटोहोफ’ लिहिलेल्या ठिकाणी भरा.

## टप्पा ७: रस्त्यावर

मोकळ्या, मागे कुणी नसलेल्या रस्त्यावर अगदी हळू असताना एकदा ब्रेक दाबून पाहा. पकड किती आहे ते कळतं आणि एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पायाखालचा थरथराट ओळखीचा होतो. खरा प्रसंग आला की घाबरून पाय उचलला जात नाही.

अंतर ठेवायचा जर्मन ठोकताळा सोपा आहे: स्पीडोमीटरच्या निम्मे मीटर. १०० च्या वेगाला ५० मीटर. हा कोरड्या रस्त्याचा हिशेब. बर्फात निम्मे नको, निदान पूर्ण आकड्याइतके ठेवा.

रस्त्याकडेचे काळे-पांढरे खांब सरळ रस्त्यावर ५० मीटर अंतराने असतात, धुक्यात तेच मोजमाप वापरा. पुढचा एकच खांब दिसत असेल तर दृश्यता ५० मीटरच्या आसपास आहे. तिथून खाली कमाल वेग ५०, आणि मागचा लाल धुक्याचा दिवा तेव्हाच लावायची परवानगी आहे. दृश्यता सुधारली की तो लगेच बंद करा, मागच्याचे डोळे दिपतात.

पुलांवर आणि जंगलाच्या सावलीत रस्ता आधी गोठतो. पुलाखालून थंड हवा वाहते, जमिनीची ऊब मिळत नाही. मागे-पुढे रस्ता नुसता ओला असतो आणि पुलावर बर्फ. डॅशबोर्डवर ३-४ अंश दिसायला लागले की पुलाआधी वेग कमी करून घ्या. पुलावर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ.

रविवारच्या पल्ल्यात एक जागा लक्षात ठेवा. उल्म सोडल्यावर ए८ श्वेबिशे आल्बचं पठार ओलांडून स्टुटगार्टकडे उतरतो. उल्मला पाऊस असेल तर पठारावर बर्फ असू शकतो, आणि उताराला वळणं आहेत. इंगोलस्टाटहून ॲप गावांमधली लहान वाट सुचवेल. हिवाळ्यात ती घेऊ नका, आउग्सबुर्गच्या बाजूने ए८ गाठा. महामार्गावर मीठ आधी पडतं.

वाहतूक थांबायला लागली की गाड्या पूर्ण उभ्या राहायच्या आधीच मदतीच्या गाड्यांसाठी वाट सोडायची: सर्वात डावीकडच्या लेनमधले डावीकडे सरकतात, बाकी सगळ्या लेन उजवीकडे. न सोडणाऱ्याला मोठा दंड आहे, आणि त्या वाटेने चाललेल्या रुग्णवाहिकेत कुणीतरी असतं.

गाडी बंद पडली तर आधी जॅकेट अंगात, मग उजव्या बाजूने उतरा, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या आणि मग फोन करा. तातडीचा क्रमांक ११२. फोन लागत नसेल तर त्याच खांबांच्या काळ्या पट्ट्यावर छोटा बाण असतो; तो जवळच्या नारिंगी फोनची दिशा दाखवतो.

## टप्पा ८: संग्रहालयाच्या दारात

मर्सिडीज संग्रहालयात लिफ्टने थेट सर्वात वर जायचं आणि उतरणीने फिरत खाली यायचं, अशी रचना आहे. दोन वाटा एकमेकींत गुंफलेल्या आहेत: एक कालक्रमाने जाणारी, एक विषयवार. लोक वरच्या दोन मजल्यांवर दोन तास घालवतात आणि शर्यतीच्या गाड्या असलेल्या खालच्या भागात धावत जातात. साडेतीनला अर्ध्यावर असायलाच हवं. तिकीट खिडकी बंद होण्याच्या तासभर आधी पोहोचणाऱ्यांना तर काहीच नीट बघायला मिळत नाही.

कॅमेरा गरम हॉलमध्ये नेल्यावर भिंगावर वाफ धरते. तो बाहेरच पिशवीत बंद करून आत न्या आणि वीस मिनिटांनी काढा. जाड कपडे लॉकरमध्ये ठेवा, घामेजून बाहेर पडलात की थंडी झोंबते. झिन्सहाइमला काँकॉर्डमध्ये शिरायचे जिने बाहेर उघड्यावर आहेत, म्हणून छतावरची विमानं उजेड असताना आणि कपडे अंगात असतानाच आधी उरका, मग खाली गाड्यांच्या दालनांत जा. तिथली दालनं दोन जागी विभागलेली आहेत. दुसरी राहून जाते, आणि ते लोकांना पार्किंगमध्ये आल्यावर समजतं.

काही जागी गाडी कधी लावली ते दाखवणारी निळी पार्किंग-चकती काचेमागे ठेवावी लागते. तिथे गाडी लावलीत तर चकतीचा काटा पुढच्या अर्ध्या तासावर ठेवायचा. २:१० ला आलात तर २:३०.

## टप्पा ९: गाडी परत करताना

फ्रँकफर्टला संध्याकाळचं विमान असलं तरी गाडी उजेडात परत करा. आदल्या दिवशी झिन्सहाइमच्या आसपास धुऊन घ्या. कडाक्याची थंडी असेल तर धुतल्यावर दारांच्या कडांचं रबर पुसून कोरडं करा, नाहीतर सकाळी दार उघडत नाही. टाकी विमानतळाच्या पंपावर न भरता अलीकडच्या गावात भरा आणि पावती ठेवा. चारही बाजू, चारही चाकं, समोरची काच आणि किलोमीटरचा आकडा, एवढे फोटो तारीख-वेळेसह काढा, शक्यतो कंपनीचा माणूस समोर असताना. त्याच्याकडून परत केल्याचा लेखी कागद घ्या. डिपॉझिट खात्यात परत येईपर्यंत, आणि वेगाच्या कॅमेऱ्याची नोटीस उशिरा येते म्हणून त्यानंतरही तीन-चार महिने, हे फोटो आणि पावत्या फोनमधून काढू नका.